टोंगळ्याच्या (गुडघ्याच्या) ऑपरेशनाची तारीख मिळाली होती, ती पुढे ढकलून १२ आठवडे काय केलं

अंबाझरी_फेरी | ३ फेब्रुवारी, सकाळी ७.४०

नमस्कार मंडळी. दिवाळीत मला जी माहिती हवी होती ती मराठीत एका जागी सापडली नाही, म्हणून हा धागा काढते आहे. लांब होईल, सवडीनं वाचा.

वय ५७, वजन तेव्हा ७४ किलो. वसुबारसेच्या आदल्या दिवशी माळा झाडून स्टुलावरून उतरत होते. पाय फरशीवर टेकला आणि अंग वळलं. उजव्या टोंगळ्यात आतल्या बाजूनं कळ गेली. त्या दिवशी चालले, स्वयंपाकही केला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र गुडघ्याची वाटीच दिसेना, इतकी सूज. शेजारच्या काकूंनी तेल गरम करून आणलं, घरात होत्या त्या गोळ्या खाल्ल्या, दिवाळी कशीबशी काढली.

मग एमआरआय. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की आतल्या बाजूची गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटली आहे आणि सांध्याची झीज दुसऱ्या ग्रेडची आहे. एका दवाखान्यात दाखवलं. गुडघ्याला हात न लावता, फिल्म दिव्यापुढे धरून सांगितलं, "दुर्बिणीतून साफ करून टाकू, दोन दिवसांत घरी." २२ नोव्हेंबर तारीख पडली. ॲडव्हान्सही भरला.

माझी भाची पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. तिला फोन केला तर तिनं तीन प्रश्न विचारले. मावशी, गुडघा मधेच अडकून बसतो का, की सरळही होत नाही आणि वाकतही नाही? चालताना पाय दगा देतो का? पडल्यावर तासा-दोन तासांत सुजला होता का? तिन्हीला उत्तर नाही. मग म्हणाली, "तारीख पुढे ढकल आणि दुसऱ्या सर्जनला दाखव."

तिनं फिनलंडमधल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं, २०१३ साली छापून आलेला. झिजेमुळे गादी फाटलेले १४६ जण घेतले. निम्म्यांची गादी खरोखर दुर्बिणीतून कापली. उरलेल्यांवर ऑपरेशनाचा सगळा देखावा केला, पण गादीला हात लावला नाही. कुणाचं काय झालं हे रुग्णांना माहीत नव्हतं. वर्षभरानं पाहिलं तर दोन्ही गटांना आराम सारखाच! मी ते दोनदा वाचून घेतलं.

दुसरे सर्जन शांत होते. त्यांनी पलंगावर झोपवून दोन्ही गुडघे वाकवून पाहिले, मांड्यांचा घेर टेपनं मोजला. वाटीच्या वर वीतभर अंतरावर उजवी मांडी डावीपेक्षा २ सेंटिमीटर बारीक! तीन आठवड्यांत! ते म्हणाले, "या वयात गादीला अशी चीर असणं म्हणजे केस पांढरे होण्यासारखं आहे. तुमच्या डाव्या गुडघ्यातही सापडू शकेल. तुमचं दुखणं ती चीर भरून यायची वाट पाहत नाहीये, ही मांडी भरायची वाट पाहतंय. १२ आठवडे मनापासून व्यायाम करा. नाही जमलं तर मी आहेच."

तर काय केलं ते.

पहिले दोन आठवडे सूज उतरवणं. दिवसातून तीन-चारदा ओल्या फडक्यात बर्फ गुंडाळून १५ मिनिटं, झोपताना पायाखाली लोड, आणि गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून तो दाबत मांडी आवळणं. दहापर्यंत मोजायचं, सोडायचं. पहिल्या दिवशी मांडी आवळलीच जाईना. डोक्यातून हुकूम जातो पण स्नायू ऐकत नाही, असं ते वाटत होतं. चौथ्या दिवशी हलली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

तिसऱ्या आठवड्यापासून खुर्ची. जेवणाच्या खुर्चीवर दोन उशा ठेवून ती उंच केली. हात छातीशी, हळूच बसायचं, हळूच उठायचं. दहा वेळा, थांबून पुन्हा दहा, पुन्हा दहा. आड दिवसानं. जमायला लागलं की एक उशी काढायची, मग दुसरी. सहाव्या आठवड्यात उघड्या खुर्चीवर आले, नवव्यात दोन्ही हातांत दोन-दोन किलोच्या तांदळाच्या पिशव्या. शिवाय जिन्याची खालची एकच पायरी चढ-उतार, आणि ओट्याला धरून टाचा उचलणं.

दुखण्याचा नियम भाचीनं घालून दिला होता. व्यायाम करताना १० पैकी ५ पर्यंत दुखलं तर चालेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवशीपेक्षा जास्त दुखलं किंवा सूज दिसली, तर एक पायरी खाली यायचं. बंद करायचं नाही, खाली यायचं. रोज सकाळी दुधाच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर आकडा लिहायचे. ६, ६, ५, ६, ७, ५... चौथ्या आठवड्यापर्यंत काही फरक दिसला नाही, ते दिवस फार कठीण गेले. सातव्यापासून ३ आणि २ दिसायला लागले.

आज १२ आठवडे झाले. वजन ६९.५. अंबाझरी तलावाच्या कडेनं ४० मिनिटं चालते. जिना चढताना काही नाही, उतरताना अजून थोडी चमक येते. मांडी घालून बसता येत नाही, त्याचा हट्टही धरला नाही. मांडीचा फरक आता अर्धा सेंटिमीटर. ऑपरेशन रद्द केलं. ॲडव्हान्स परत मिळायला पाच चकरा पडल्या, ते असो.

तुम्ही काय काय केलंत ते लिहा.

---

रेशीमबाग_ऑलराउंडर | ३ फेब्रुवारी, सकाळी ९.१२

ताई, अभिनंदन. पण सगळ्यांनी ऑपरेशन टाळावं असा अर्थ कुणी काढू नये म्हणून लिहितो. माझं एसीएल, म्हणजे गुडघ्यात आतून हाडं बांधून ठेवणारं लिगामेंट, २६ व्या वर्षी क्रिकेट खेळताना तुटलं. तासाभरात गुडघा फुगला. सहा महिने व्यायाम केला, चालणं-धावणं सुधारलं, पण वळायला गेलो की गुडघा सरकायचा. शेवटी ऑपरेशन केलं आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही.

---

फिजिओ_मेडिकल_चौक | ३ फेब्रुवारी, दुपारी २.०५

मी फिजिओथेरपिस्ट आहे, १४ वर्षं नागपुरातच काम करते. अंबाझरी ताई, ती वही जपून ठेवा, मी माझ्या पेशंटना दाखवायला मागून नेईन.

ऑलराउंडर भाऊ, तुमचं अगदी बरोबर. एसीएलवर स्वीडनमध्ये १२१ तरुण, खेळत्या-धावत्या लोकांचा अभ्यास झाला, २०१० ला आला. निम्म्यांचं लगेच ऑपरेशन, बाकीच्यांना आधी व्यायाम आणि गरज पडली तरच ऑपरेशन. पाच वर्षांनी पाहिलं तर व्यायामवाल्या गटातल्या जवळपास निम्म्या लोकांना ऑपरेशन लागलं, निम्म्यांना लागलंच नाही, आणि दोन्ही गटांचे गुडघे सरासरीनं सारखेच चालत होते. म्हणजे व्यायाम आधी करून पाहिल्यानं नुकसान झालं नाही. आणि ज्यांना लागलं त्यांच्यात तुम्ही एक. तुमचे सहा महिनेही वाया गेले नाहीत, मांडी तयार ठेवून ऑपरेशनाला गेलेला माणूस लवकर उभा राहतो.

आता मांडी इतक्या लवकर का आटते ते सांगते, कारण हे कळलं की लोक व्यायाम सोडत नाहीत. सांध्यात पाणी भरलं की तिथल्या नसा पाठीच्या कण्याला निरोप देतात आणि मांडीच्या पुढच्या स्नायूचा ताबा ढिला होतो. दुखत नसलं तरी, नुसत्या सुजेनंही. ताईंनी लिहिलंय ना, डोक्यातून हुकूम जातो पण स्नायू ऐकत नाही? शब्दशः तेच होतं. मग प्रत्येक पावलाचा धक्का स्नायूनं झेलायचा तो थेट सांध्यावर जातो, सांधा आणखी चिडतो, आणखी पाणी धरतो. हे चक्र तोडायचं तर आधी सूज उतरवा, मग मांडी जागी करा, मग तिच्यावर भार टाका. याच क्रमानं.

आणि "झिजलाय, आता वापरू नका" हे वाक्य कृपा करून विसरा. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला, स्वतःची रक्तवाहिनी नसते. दाब पडला की तिच्यातलं पाणी बाहेर येतं, दाब सुटला की सांध्यातल्या वंगणातून पोषण आत शोषलं जातं. हालचाल हेच तिचं जेवण. पलंगावर पडून राहिलेल्या गुडघ्याची कूर्चा उपाशी राहते.

वजनाबद्दलही एक हिशोब. अंगावरचा १ किलो उतरला की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण ४ किलोनं हलका होतो. ताईंचे साडेचार किलो म्हणजे दर पावलाला १८. दिवसभरात पावलं किती पडतात ते मोजा.

---

वर्धमाननगर_७१ | ३ फेब्रुवारी, रात्री ८.३०

व्यायामानं मला काही फरक पडला नाही. दोन महिने फिजिओथेरपी केली, ३० सिटिंगा. पैसे गेले.

---

फिजिओ_मेडिकल_चौक | ३ फेब्रुवारी, रात्री ९.१५

काका, त्या सिटिंगांमध्ये नेमकं काय केलं ते सांगाल का?

---

वर्धमाननगर_७१ | ३ फेब्रुवारी, रात्री ९.४०

गरम शेक २० मिनिटं, मग ते चार चकत्या लावून झिणझिण्या येतात ते मशीन, मग जेल लावून अल्ट्रासाउंड. शेवटी मुलगा पाय दोनचारदा वाकवून द्यायचा. घरी आलं की तासभर बरं वाटायचं.

---

फिजिओ_मेडिकल_चौक | ४ फेब्रुवारी, सकाळी ६.५०

काका, मला हे वाचून वाईट वाटलं, कारण हे आमच्याच पेशातलं आहे. ३० वेळा जाऊन तुम्हाला व्यायाम एकदाही मिळाला नाही. शेक आणि मशीन यानं तासभर बरं वाटतं, तेवढंच त्याचं काम. त्यानं मांडी भरत नाही. पलंगावर झोपून दुसऱ्यानं पाय हलवला तर ताकद त्या मुलाची वाढते.

तुम्ही ७१ चे असाल तरी उशीर झालेला नाही. स्नायू या वयातही वाढतो, सावकाश वाढतो इतकंच. पुढच्या वेळी कुणाकडेही गेलात तर एकच विचारा: "मी घरी काय करायचं, किती वेळा, आणि पुढच्या आठवड्यात ते किती वाढवायचं?" उत्तर मिळालं नाही तर दुसरीकडे जा. खिशाला परवडत नसेल तर मेडिकलमधला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यातला, फिजिओथेरपीचा विभाग आहे. रांग असते, पण तिथे शिकणारी मुलं मन लावून व्यायाम शिकवतात.

---

महाल_ते_मिहान | ४ फेब्रुवारी, सकाळी ११.२०

इंजेक्शनाचं काय? वडिलांना गुडघ्यात स्टिरॉइडचं दिलं, जादूसारखं बरं वाटलं. आता तीन महिन्यांनी पुन्हा घ्या म्हणतात. आणि मला टेनिस एल्बोसाठी, म्हणजे कोपराच्या दुखण्यासाठी, पीआरपी सुचवलंय, आपलंच रक्त फिरवून त्यातला भाग टोचतात ते.

---

फिजिओ_मेडिकल_चौक | ४ फेब्रुवारी, दुपारी ३.३०

इंजेक्शन देणं माझं काम नाही, त्यामुळे निर्णय डॉक्टरांचा. पण अभ्यास काय सांगतात ते लिहिते.

गुडघ्यातलं स्टिरॉइड काही आठवडे खरंच आराम देतं. गुडघा फार चिडलेला असेल, व्यायाम सुरूच करता येत नसेल, तर तेवढी खिडकी उघडायला एखादं घेणं समजू शकते. पण अमेरिकेत १४० जणांना दोन वर्षं दर तीन महिन्यांनी दिलं, अर्ध्यांना स्टिरॉइड, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. २०१७ ला निकाल आला. दुखण्यात फरक नाही, आणि स्टिरॉइडवाल्यांची कूर्चा जास्त पातळ झाली. तेव्हा दर तीन महिन्यांचा रतीब लावू नका. वडिलांना मधुमेह असेल तर इंजेक्शनानंतर काही दिवस साखर चढते, तीही तपासा.

टेनिस एल्बोमध्ये तर स्टिरॉइड टाळाच. पहिल्या महिन्यात छान वाटतं, वर्षानंतर मात्र इंजेक्शन न घेतलेले लोक जास्त बरे असतात.

पीआरपीबद्दल कोपराचं मी ठामपणे बोलणार नाही. गुडघ्याच्या झिजेचं सांगते. ऑस्ट्रेलियात २८८ जणांना तीन इंजेक्शनं दिली, पीआरपी किंवा मिठाचं पाणी. वर्षभरानं दुखण्यातही फरक नाही आणि कूर्चेतही नाही. हजारो रुपये घालायच्या आधी हे माहीत असावं.

कोपरासाठी: एक किलोच्या आसपास वजन हातात घ्या, हात टेबलावर, मनगट कडेबाहेर, तळवा खाली. दुसऱ्या हातानं मनगट वर उचलून द्या आणि मग चार मोजत सावकाश खाली सोडा. १५ वेळा, तीनदा. कपडे पिळणं, माउस एकसारखा धरून बसणं कमी करा. तीन महिने धरून चाला.

---

सक्करदरा_शिंपीण | ५ फेब्रुवारी, दुपारी १२.१०

माझा डावा खांदा आठ महिन्यांपासून जखडलाय. वेणी घालता येत नाही, ब्लाउजचे हूक नवऱ्याला लावायला सांगावे लागतात, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. कुणी म्हणतं बेशुद्ध करून झटका देऊन मोकळा करतात. भीती वाटते. माझं शिवणकाम आहे, हात उचलल्याशिवाय चालत नाही. शुगर आहे मला.

---

फिजिओ_मेडिकल_चौक | ५ फेब्रुवारी, रात्री ८.००

ताई, घाबरू नका. शुगर असलेल्यांना हा त्रास जास्त होतो, थायरॉइडवाल्यांनाही. खांद्याच्या सांध्याभोवतीची पिशवी आधी सुजते, मग आक्रसते, मग हळूहळू सैल होते. दुखण्याचे महिने, जखडण्याचे महिने, सुटण्याचे महिने. एक ते तीन वर्षं लागू शकतात, पण बहुतेकांचा खांदा बराच मोकळा होतो.

बेशुद्ध करून मोकळा करणं, दुर्बिणीनं पिशवी कापणं, आणि फिजिओथेरपी सोबत एक स्टिरॉइड इंजेक्शन, या तिघांची तुलना ब्रिटनमध्ये ५०३ जणांवर केली, २०२० मध्ये. वर्षभरानं कुठलाच उपाय बाकीच्यांपेक्षा ठळकपणे सरस निघाला नाही. म्हणून सोप्यापासून सुरुवात करा.

रात्रीचं दुखणं अजून खूप असेल तर ताणू नका. ओट्यावर उजवा हात टेकून वाका, डावा हात लोंबकळू द्या आणि घड्याळाच्या लंबकासारखा झुलवा. ठणका कमी झाला की भिंतीवर बोटांनी चालत वर जा आणि पोचलात तिथे पेन्सिलनं खूण करा. आंघोळीनंतर पाठीमागे टॉवेल धरून उजव्या हातानं वर ओढा, डावा हात त्याच्यासोबत जाऊ द्या. दिवसातून तीनदा, थोडं थोडं. आणि साखर आटोक्यात आणा, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी करून घ्या. मशीन थोडं खाली, गुडघ्यांच्या जवळ ठेवता आलं तर कोपर खांद्याइतकं वर उचलावं लागणार नाही.

---

मानेवाडा_कबड्डी | ६ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.४५

पोरगा १५ चा, कबड्डीत पाय मुरगळला काल. घोटा टम्म सुजलाय. मोठे बाबा म्हणतात हाडवैद्याकडे नेऊन चोळून आणू. एक्स-रे काढू का?

---

फिजिओ_मेडिकल_चौक | ६ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.०५

भाऊ, चोळू नका! पहिले तीन दिवस चोळणं नाही, शेक नाही, गरम तेल नाही. सूज वाढेल, आणि आत फ्रॅक्चर असेल तर हाड सरकू शकतं.

एक्स-रे कधी काढायचा याचा कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये घालून दिलेला नियम आहे. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाची मागची कड, खालून चार बोटं वरपर्यंत, बोटानं दाबून पाहा. नेमकं हाडावर दुखत असेल तर काढा. पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध जे हाड टोचतं तिथे, किंवा आतल्या बाजूला पावलाच्या कमानीच्या वरच्या हाडावर दुखत असेल तर काढा. आणि पडल्यावर लगेचही आणि आताही, लंगडत का होईना, चार पावलं टाकता येत नसतील तर काढाच.

---

मानेवाडा_कबड्डी | ६ फेब्रुवारी, रात्री ९.३०

चार पावलं चालला. हाडावर नाही, पुढच्या खड्ड्यात दुखतं म्हणतो. मोठ्या बाबांना समजावलं.

---

फिजिओ_मेडिकल_चौक | ६ फेब्रुवारी, रात्री ९.५०

छान. क्रेप बँडेज बांधा, पाय उशीवर, सहन होईल तितकं चालू द्या. उद्यापासून पायाच्या अंगठ्यानं हवेत बाराखडी काढायला लावा. सूज उतरली की दात घासताना त्या एका पायावर उभं राहायचं, आधी डोळे उघडे, मग मिटून. हे महिना-दीड महिना करा. पोरं दुखणं थांबलं की लगेच मैदानावर जातात आणि तोच घोटा पुन्हा मुरगळतो, कारण लिगामेंट ताणलं की सांध्याला आपली जागा नीट कळत नाही. ती जाण परत शिकवावी लागते. एका पायावर उड्या मारताना दुसऱ्या पायाइतका भरवसा वाटला की मग कबड्डी.

---

काटोलचा_संत्रा | ९ फेब्रुवारी, रात्री १०.१५

ताई, धागा वाचून लय बरं वाटलं. माझी माय ५८ ची. काटोलजवळ थोडी शेती हाय. निंदणाले उकिडवं बसा लागते दिवसभर. दोन्ही टोंगळे दुखून राहिले, सकाळी उठली का पंधरा मिनिटं धरून धरून चालते, मग सुटते. गावात एक जण पुड्या देते, त्यानं दोन दिवसांत बरं वाटते म्हणून ती खाऊन राहिली. नागपूरले सिटिंगाले येनं आमच्यानं होत नाही. घरी काय करू शकते ते सांगाल का?

---

फिजिओ_मेडिकल_चौक | १० फेब्रुवारी, सकाळी ६.३०

भाऊ, आधी पुड्या. ज्या बेनामी पुडीनं दोन दिवसांत सगळे सांधे हलके होतात, तिच्यात बरेचदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं. महिनोन्‌महिने खाल्लं तर हाडं ठिसूळ होतात, खुब्याचा गोळा सडतो, साखर आणि बीपी वाढतं. पण बऱ्याच दिवसांपासून खात असेल तर एकदम बंदही करू नका, शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं विसरलेलं असतं. पुडी सोबत घेऊन ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांना दाखवा, ते हळूहळू बंद करतील.

दुसरं, उकिडवं बसणं. "शेतात जाऊ नको" असं मी म्हणणार नाही, ते तिच्या हातात नाही. निंदताना बसायला वीतभर उंचीचं लाकडी पाटासारखं स्टूल करून द्या, ती ते सरकवत नेईल. अर्ध्या तासानं उभं राहून दहा पावलं. घरी संडासाच्या भांड्यावर ठेवायची प्लॅस्टिकची खुर्ची मिळते, ती आणा. चूल खाली असेल तर दोन विटांनी उंच करा.

तिसरं, व्यायाम. उंच पलंगाच्या कडेवरून हात न टेकता उठ-बस, दहा-दहा तीनदा, आड दिवसानं. सायकलची जुनी ट्यूब कापून एक टोक खुर्चीच्या मागच्या पायाला बांधा, दुसऱ्याचा फास घोट्यात. खुर्चीवर बसून पाय सावकाश सरळ करायचा, तीन मोजायचे, सावकाश खाली. दोन्ही पाय. पहिल्या दहा दिवसांत जरा जास्त दुखेल, तेव्हा तिला हा धागा वाचून दाखवा.

फार दुखेल त्या दिवशी डायक्लोफिनॅकचं जेल गुडघ्यावर लावा. गुडघ्यासाठी जेलनं गोळीच्या जवळपास आराम मिळतो आणि औषध पोटात, किडनीत फार कमी जातं. गोळ्यांबद्दल सगळ्यांनाच सांगते: आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला जातो, शरीरातलं पाणी आटतं. अशात बीपीची गोळी चालू असलेल्या माणसानं मनानं दुखण्याच्या गोळ्या खाल्ल्या तर किडनीला मार बसतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

---

इतवारी_मसाला | १२ फेब्रुवारी, दुपारी ४.२०

मला २०२४ च्या साथीत चिकुनगुन्या झाला. ताप चार दिवसांत गेला, सांधे सात महिने धरून होते. मनगटं, बोटं, घोटे. सकाळी चहाचा कप उचलता येत नव्हता. आराम करा असं सगळे सांगत होते, त्यानं सांधे आणखी आखडले. शेवटी कोमट पाण्यात हात बुडवून मुठी उघड-बंद करणं आणि रोज थोडं चालणं यानं सुटत गेले. आमच्या घरात कूलरच्या टाकीत अळ्या निघाल्या होत्या. आता दर शनिवारी टाकी पूर्ण रिकामी करून घासतो, ही विनंती सगळ्यांना.

---

गड्डीगोदाम_२२ | १५ फेब्रुवारी, रात्री ११.००

माझा लहान भाऊ १९ चा. दोन महिन्यांपासून जांघेत दुखते, लंगडतो. पडला-बिडला नाही. हेच व्यायाम सुरू करू का?

---

फिजिओ_मेडिकल_चौक | १५ फेब्रुवारी, रात्री ११.२०

नाही. आधी तपासणी. काहीच न लागता या वयात जांघ दुखते म्हणजे खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला आहे का ते पाहावं लागतं. आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे आणि त्यात हे होतं. सरकारी दवाखान्यात सिकलसेलची तपासणी करून घ्या, सोबत खुब्याचा एक्स-रे. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो, म्हणून लंगडणं थांबलं नाही तर एमआरआय लागेल. तोवर उड्या, पळणं, ओझं बंद, विरुद्ध हातात काठी. उद्याच जा, आठवडाभर थांबू नका.

हा प्रश्न आला ते बरं झालं. बाकीच्यांसाठीही: सांधा लाल, गरम आणि सोबत ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना, रात्र असली तरी. गुडघा अडकून सरळच होत नसेल, पडल्यानंतर हात किंवा पाय स्वतःच्या ताकदीनं उचलताच येत नसेल, पोटरी एकाएकी सुजून दुखत असेल, सकाळचा आखड तासभर जात नसेल आणि बोटांचे सांधे सुजत असतील, तर धागा वाचत बसू नका.

---

धंतोली_लेक | २० फेब्रुवारी, सकाळी १०.००

माझ्या आईचे दोन्ही गुडघे बदलले, ती ७३ ची आहे. आम्ही पाच वर्षं व्यायाम, जेल, काठी सगळं केलं. शेवटी पाय धनुष्यासारखे वाकले, रात्री झोप नव्हती. ऑपरेशनानंतर तिसऱ्या महिन्यात ती एकटी टेकडी गणपतीला जाऊन आली. हेही इथे लिहिलेलं असावं म्हणून लिहिते.

---

अंबाझरी_फेरी | २० फेब्रुवारी, सकाळी ११.१५

असायलाच हवं. माझे दुसरे सर्जनही हेच म्हणाले होते, झीज शेवटाला गेली आणि रात्रीची झोप उडाली की सांधा बदलणं हा चांगला उपाय आहे. माझा राग दुर्बिणीवर किंवा ऑपरेशनावर नाही. मला कुणी १२ आठवडे मागितलेच नव्हते, त्याचा राग आहे. आईंना नमस्कार सांगा.

---

वर्धमाननगर_७१ | १८ एप्रिल, सकाळी ८.००

दोन उशांवरून एका उशीवर आलो. आकडा ७ वरून ४. मशीन बंद केलं.

---

गड्डीगोदाम_२२ | २२ एप्रिल, रात्री ९.००

भावाचं सिकलसेल निघालं. खुब्यावर सुरुवातीचाच परिणाम आहे म्हणाले, औषध सुरू झालं, काठी चालू आहे. माझीपण तपासणी केली, मी वाहक आहे. ताई, त्या रात्री लगेच उत्तर दिलंत.

---

काटोलचा_संत्रा | ४ मे, रात्री ९.४०

पुडी डॉक्टरले दाखवली, दोन महिन्यांत सुटली. मधात टोंगळे लय दुखले, माय चिडली होती माझ्यावर, पाचसहा दिवस बोलली नाही. स्टूल सुताराकडून करून आणलं. आता तिच्यासोबतच्या दोघी बाया तसंच मागून राहिल्या. पलंगावरून उठ-बस तीस वेळा होते, हात न टेकता. काल वावरातून आली आणि म्हणे, "ते सायकलची ट्यूब सैल झाली रे, दुसरी घट्ट पाहून आण."